बायांची गल्ली

मागचं दार मी पुसून टाकलं. सरांच्या नकाशात ते प्रत्येक खोलीला होतं. मी ते पुसलं, बांधकाम तसंच करून घेतलं, आणि पुढे ज्या दिवशी त्याबद्दल विचारलं गेलं त्या दिवशी सरांच्या शेजारी खुर्चीवर गप्प बसून राहिलो. सरांविषयी लिहायचं तर आधी हे लिहिणं भाग आहे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, एका विक्षिप्त माणसाच्या आठवणी कुणी शिष्य प्रेमानं सांगतो आहे. प्रेम होतं. त्याचा उपयोग झाला नाही, एवढंच.

सर मूळचे जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे. मला त्यांनी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवलं आणि नोकरी सोडून जालन्यात ऑफिस थाटलं तेव्हा मलाही सोबत ओढलं. ऑफिस म्हणजे मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या, रस्त्यावर एका बियाण्याच्या दुकानावरची खोली. तिथे दोन टेबलं होती, पण सर टेबलावर फारसे बसायचे नाहीत. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत चुन्याच्या फक्कीची पिशवी कायम असायची. पाया आखायला गवंडी जी वापरतात तीच पांढरी फक्की. नकाशा कागदावर झाला की सर तो प्लॉटवर जमिनीवर आखायचे, खऱ्या मापाचा, दारंखिडक्यांसकट. मग घरमालकाच्या सगळ्या कुटुंबाला बोलवायचे आणि म्हणायचे, आता राहा इथं.

लोकांना आधी ती गंमत वाटायची. एकदा एका सळईवाल्या शेठचा बंगला होता. सरांनी शेठला भर उन्हात फक्कीच्या बेडरूममध्ये आडवं व्हायला लावलं आणि शेठाणीला स्वयंपाकघरातून पाणी आणायला सांगितलं. त्या बिचाऱ्या रिकामा हात पुढे धरून सरळ चालत आल्या.

"भिंतीतून कामून आल्या बाई? दार तिकडं हाय," सर म्हणाले.

शेठाणी म्हणाल्या, रोज एवढा वळसा कोण घालणार? सरांनी पायानं ती रेघ पुसली आणि दार तिथे केलं. शेठ उठून कपडे झाडत होते, तर त्यांना म्हणाले, "तुम्ही झोपून राहा. तुमचं काही चुकलं न्हाई अजून."

साइटवर खुर्ची दिली तर सर घ्यायचे नाहीत. घमेलं उपडं घालून त्यावर बसायचे. नकाशावर मी 'टाइप ए', 'टाइप बी' असं लिहिलं की खोडून त्या जागी माणसांची नावं घालायचे. पत्र्याच्या शेडचं काम आलं की ऑफिसातला पंखा बंद करायचे, मे महिना असला तरी. पत्र्याखाली राहणाऱ्याचं घर पंख्याखाली बसून काढता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. घामाचे थेंब कागदावर पडून शाई पसरायची आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायचो. कामं वेळेवर द्यायचे नाहीत, आलेल्या माणसाचा अपमान करायचे, पटलं नाही तर निम्म्या वाटेवर काम सोडायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा मला चहा देताना म्हणाल्या होत्या, "गावभराच्या बायांना विचारतेत भाकर कुठं करता म्हणून. आमच्या घराला अजून गिलावा न्हाई."

दाराविषयी मात्र ते गंभीर होते. म्हणायचे, "दार म्हंजे भिंतीला पाडलेलं भोक न्हाई. दार म्हंजे इजाजत. कुणाला कुठून बाहेर पडायची इजाजत हाय, ते आपण ठरवून राह्यलो, हे ध्यानात ठेव." मी हो म्हणायचो. तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होतो.

ज्यांची मागची दारं मी पुसली ती कुटुंबं जालन्यात आली ती सीमेपलीकडून, थरच्या वाळवंटातून. तीर्थयात्रेच्या व्हिसावर आली आणि परत जायचं नाही, इथेच आसरा द्या म्हणून अर्ज करून बसली. शहरातल्या व्यापाऱ्यांच्या एका संस्थेनं त्यांना बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात ठेवलं होतं. कागद होईपर्यंत त्यांना शहर सोडता येत नव्हतं, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागायची, आणि कागद कधी होतील हे कुणालाच माहीत नव्हतं. संस्थेनं अंबड रस्त्याच्या बाजूला माळावरची थोडी जागा मिळवली आणि सरांना म्हणाली, तात्पुरत्या खोल्या बांधून द्या. पैसे न घेता काम करायचं होतं. सर लगेच तयार झाले. फक्त 'तात्पुरत्या' या शब्दावर अडले. म्हणाले, "हे लोक किती दिस राहतील ते तुम्हाला माहीत न्हाई, त्यांना माहीत न्हाई, सरकारलाबी न्हाई. मंग तात्पुरतं कशावरून?"

त्यानंतर सर रोज गोदामात जाऊन बसू लागले. बायांच्या बाजूला पाठ करून, उपड्या घमेल्यावर, तासन्‌तास. त्या बाया परक्या पुरुषासमोर येत नव्हत्याच, पण घरातल्या थोरांसमोरही पूर्ण घुंगट. सासरा किंवा जेठ, म्हणजे थोरला दीर, समोर बसला असेल तर सून त्याच्यापुढून जात नसे. सर त्यांच्याकडे बघत नव्हते, त्यांच्याशी बोलत नव्हते. नुसते ऐकत होते. संस्थेच्या लोकांना वाटलं, हे रागावून बसलेत काय? मीही एकदा विचारलं, तर म्हणाले, "बांगड्या कुणीकडं चालल्या ते ऐकून राह्यलो."

चार-सहा दिवसांनी त्यांनी मला गोदामाच्या मागच्या अंगाला नेलं. तिथे काटेरी झुडपांतून एक पायवाट पडली होती. पुढे दाराशी म्हातारे खाटा टाकून बसत, म्हणून नळावर जायला, संडासला जायला, एकमेकींकडे जायला बाया पूर्ण गोदामाला मागून वळसा घालत होत्या. सर त्या पायवाटेवर उभे राहून म्हणाले, "ह्या बाया दिवसभर मागून चालतेत. आणि आपण निघालो फक्त पुढून बांधायला."

त्यातून तो नकाशा झाला. खोल्यांच्या दोन ओळी, पाठीला पाठ करून, पण मध्ये गल्ली सोडून. प्रत्येक खोलीला पुढे एक दार आणि मागे एक. मागची सगळी दारं त्या गल्लीत उघडणारी. गल्लीवर हिरवी जाळी, टोकाला नळ आणि न्हाणी. पुढचं अंगण म्हाताऱ्यांच्या खाटांना, मागची गल्ली बायांना. सर तिला बायांची गल्लीच म्हणायचे. नकाशावरही तसंच लिहिलं.

मग माळावर फक्की पडली आणि सगळी कुटुंबं एका सकाळी तिथे, सरांच्या रीतीप्रमाणे, राहून बघायला आली. म्हातारे आपापल्या पांढऱ्या रेघेसमोर बसले. बाया रेघांमधून गल्लीत शिरल्या. आतून हसण्याचा आवाज आला, एकीचा, मग तिघी-चौघींचा. गोदामात इतके दिवस मी जात होतो, त्या हसतात हे मला माहीत नव्हतं. त्यात एक जमना नावाची सून होती, नुकतं लग्न झालेली. नवरा मोंढ्यात हमाली करायचा. तिनं सासूकरवी निरोप पाठवला, की नळ त्या टोकाला नको, या टोकाला पाहिजे, तिथे सावली आधी येते. सरांनी नळ हलवला. घरी येताना स्कूटरवर मागे बसलेल्या मला म्हणाले, "चांगली आर्किटेक्ट झाली असती."

पुढे सरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ते संभाजीनगरला मुलीकडे गेले. ऑपरेशन बिघडलं, डोळ्यात पू झाला आणि त्यांचा मुक्काम लांबला. काम माझ्यावर आलं.

संस्थेचे चिटणीस कापडाचे व्यापारी होते. भला माणूस. ते मला म्हणाले, आणखी कुटुंबं येणार आहेत, जागा एवढीच आहे. मधली गल्ली काढून दोन्ही ओळी पाठीला पाठ लावल्या तर पुढे अजून एक ओळ बसेल. एक मागची भिंत वाचेल ती वेगळीच. "तुम्हीच सांगा साहेब, लोक उघड्यावर ठेवू का?"

या प्रश्नाला चांगलं उत्तर नव्हतं, हे मी आजही म्हणतो. लोक खरंच येणार होते आणि खरंच आले. पण मी नकाशा बदलला तो काही फक्त त्यांच्यासाठी नाही. इतकी वर्षं जालन्यात मी 'सरांचा माणूस' होतो. कुणी पहिल्यांदाच मला साहेब म्हणून, माझ्या तोंडाकडे बघून, काय करू असं विचारलं होतं. मी म्हणालो, बसेल, बसवतो. मागची दारं पुसली, गल्ली पुसली. सरांची सही आधीची होती, ती तशीच राहू दिली.

एक गोष्ट मी मुद्दाम केली नाही. नव्या नकाशाची फक्की टाकली नाही. टाकली असती तर बाया येऊन उभ्या राहिल्या असत्या, आणि गल्ली कुठे गेली म्हणून कुणीतरी विचारलं असतं. जमनानं विचारलंच असतं.

सरांचा फोन यायचा. डोळ्यावर पट्टी असल्यामुळे त्यांना दुसरं काही करता येत नव्हतं. गल्लीवर जाळी कोणती घेतली, दार आत उघडतं की बाहेर, असं विचारायचे. मी म्हणायचो, सगळं तुमच्या फक्कीबरहुकूम चालू आहे. दार आत उघडतं, असंही मी सांगितलेलं मला आठवतं.

ते परतले तेव्हा लोक राहायला आले होते. गल्लीचं विचारणाऱ्यांना मी सांगून टाकलं होतं, की ती फक्की नुसती अंदाजाची होती, पक्का नकाशा हाच. काळा चष्मा लावून, माझ्या खांद्याला धरून ते ओळीसमोरून चालत गेले आणि टोकाला वळले. टोकाला वळून जायला काही नव्हतंच. गल्लीच्या तोंडाशी दोन्ही ओळींना मिळून एकच पत्र्याची भिंत होती. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला आणि पटकन काढून घेतला. तेव्हा फाल्गुनच होता.

"मागं जायला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सर, अजून कुटुंबं मावली."

"मावली," ते म्हणाले. "बराबर. मावली."

मला वाटलं होतं चिडतील. ऑफिसात ते पेन्सिलीच्या टोकावरून चिडत. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून ते एकटेच वसाहतीत जाऊ लागले. पाठीला पाठ असल्यामुळे मागून दार पाडणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी म्हाताऱ्यांना विनवलं, की दुपारच्या वेळी खाटा दारासमोरून हलवून पलीकडे कडुनिंबाखाली टाका, म्हणजे सुनांना बाहेर येता येईल. म्हातारे दुखावले. जमनाचा सासरा सरांना म्हणाला, गाव गेलं, जमीन गेली, ढोरं गेली, आता माझ्या दारापुढची खाट तेवढी राहिली आहे, तीही तुम्ही सांगाल तिथे नेऊ? सर तिथून परत आले. म्हातारा चुकला असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्याला पुढं बसायचा हक हाय. तो हक ठेवूनच तर आखलं होतं."

वैशाखात एके दुपारी जमनाच्या घरी पाहुणे आले. त्यांच्याच बिरादरीतली, जोधपूरकडून आलेली वडीलधारी माणसं. दारासमोर सावलीची जी पट्टी होती तिथे खाटा टाकून ते बसले. किती दिवसांनी भेट, मागे राहिलेल्यांच्या बातम्या, बोलणं लांबलं. जमनाला सकाळपासून ताप होता. आत तिनं सगळ्यांच्या भाकरी केल्या, पडदा ओढला आणि पडली. पाहुणे उठेपर्यंत तिनं बाहेर पाऊल टाकलं नाही. सासू शेजारच्या खोलीत होती, तिलाही तिथून निघता आलं नाही, कारण तिचे जेठ पाहुण्यांत होते. पाहुणे गेल्यावर सासू आत आली तेव्हा पोरीचं अंग तव्यासारखं होतं आणि ती कुणाला ओळखत नव्हती. सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ती गेली.

संस्थेची बैठक झाली. पेपरवाले होते, जमनाचा सासरा आणि नवरा मागे भिंतीला टेकून बसले होते. डॉक्टरनं उष्माघात सांगितला होता. कुणीतरी उठून विचारलं, चारी बाजूंनी पत्रा आणि एकच दार, असला नकाशा काढला कुणी? चिटणीसांनी खाली पाहिलं. मी खाली पाहिलं. सर उठून उभे राहिले.

"नकाशा माझा हाय," ते म्हणाले. "सही माझी हाय."

माझ्या गुडघ्याला त्यांच्या धोतराचा सोगा लागत होता. एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात जुळवत राहिलो, आणि बैठक संपली.

त्यानंतर त्यांच्याकडे काम येणं थांबलं. मला वाटतं त्यांनी केलंही नसतं. ते दुपारी वसाहतीतल्या एका रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, माप घेऊन राह्यलो. घामानं निथळत बाहेर यायचे, भिंतीला धरून उभे राहायचे. लोक म्हणाले, म्हातारा कामातून गेला. संस्थेनं त्यांना, जपून शब्द वापरून, येऊ नका म्हणून सांगितलं. सरांनी ऑफिस बंद केलं आणि काकूंना घेऊन टेंभुर्णीला गेले. त्यांची कामं माझ्याकडे आली. जालन्यात आज कुणाला पत्र्याची शेड बांधायची असली की मला बोलावतात. मी चांगली बांधतो.

मी टेंभुर्णीला गेलो ते फार उशिरा, आणि तेही सरांना कमी दिसतं आता, असं काकूंनी फोनवर सांगितल्यावर. शेतातल्या खळ्यावर सर वाकून फक्की टाकत होते. जवळ गेल्यावर ओळखलं. दोन ओळी, मध्ये गल्ली, टोकाला नळ, जमनानं सांगितलेल्या टोकाला. काकू म्हणाल्या, रोज काढतेत, वारा पुसतो, पुन्हा काढतेत.

मी सगळं सांगितलं. फोनवरचं खोटं, साहेब म्हणवून घेण्याचं सुख, फक्की का टाकली नाही ते. सर काम न थांबवता ऐकत होते. मी माफ करा म्हणालो तेव्हा सरळ झाले.

"हे मला माहीत न्हाई का? माझ्यापाशी कामून आलास? मी न्हाई मेलो."

मी म्हणालो, तुम्ही माझं स्वतःवर घेतलंत.

"तेच तर चुकलं," ते म्हणाले. "मला वाटलं, मोठं काम केलं. घरी आलो तर ध्यानात आलं. तू गप बसून खोटं बोललास, मी उभा राहून खोटं बोललो. जमनाच्या सासऱ्याला अजून वाटतं, गरिबाच्या खोलीला एकच दार असतं, नशीब. पोरीला पक्क्या नकाशातबी दार होतं, हे त्याला कुणी सांगितलंच न्हाई. तिच्या सासूला न्हाई सांगितलं."

मग पुन्हा वाकले. मी विचारलं, तुम्ही का नाही सांगितलं मग?

"सांगायला गेल्तो ना. तू आठवला. म्हटलं, हे त्याचं हाय, त्याचं त्याला करू द्यावं." थोडा वेळ फक्की सोडत राहिले. "आता वाटतं, त्यातबी माझा मोठेपणाच होता. सांगून टाकायला पाहिजे होतं."

मी जातो म्हणालो. जाईन म्हणालो. गेलो नाही. काम होतं, मग पाऊसपाणी, मग त्या लोकांच्या कागदांचं काहीतरी चाललं होतं, अशा वेळी नको. खरं म्हणजे मला रोज वाटायचं की सर जिवंत आहेत तोवर ही गोष्ट दोघांत वाटून राहिलेली आहे. चैत्रात सर गेले. दहाव्याला मी टेंभुर्णीत होतो, आणि तिथून घरी न जाता थेट वसाहतीत गेलो.

दुपार होती. खोल्या तशाच उभ्या आहेत, पत्रे गंजलेत, माणसं तीच आहेत आणि कागद अजून झालेले नाहीत. जमनाचा सासरा दारासमोर खाटेवर होता, शेजारी आणखी दोघे. त्यांनी मला ओळखलं, सरकून जागा दिली. कुणीतरी पडद्याच्या आतून पाण्याचा तांब्या सरकवला. म्हाताऱ्यानं सर गेल्याचं ऐकून टोपी काढली, मग रीतीप्रमाणे माझ्या घरच्यांची, पावसाची, धंद्याची विचारपूस सुरू केली. त्यांच्याकडे मुद्द्यावर लगेच येत नाहीत. मीही सगळं ठरवून आलो होतो. आधी सर कसे होते ते सांगायचं, मग ती फक्की, ते हसणं, मग चिटणीस, मग मी. वाटेत गाडी चालवताना शब्द जुळवले होते.

मी पाणी प्यायलो आणि तांब्या ठेवायला वळलो. पडदा हलला. पडद्याखाली दोन जणींची पावलं दिसली, ती मागे सरकली. आत कोण होत्या मला माहीत नाही. सासू असेल, धाकट्या मुलाची नवी सून असेल. पत्र्यातून येणारी धग माझ्या पाठीला लागत होती. मी बसलो होतो म्हणून त्या आत होत्या. मी जितका वेळ बोलेन तितका वेळ त्या आत राहणार होत्या.

मी उभा राहिलो. म्हातारा म्हणाला, "बैठो साब, अभी तो आए." मी म्हणालो, नाही, आणि तुम्ही पण सगळे माझ्याबरोबर झाडाखाली चला, पण आधी एक ऐका. पडद्याआड ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी बोललो.

"जमना के कमरे को पीछे से दरवाजा था. सब कमरों को था. सर ने रखा था, औरतों के लिए. मैंने निकाल दिया, और किसी को बताया नहीं. सर का कसूर नहीं था, मेरा था. मुझे माफ करो."